मागची दोन चाकं

आधी टायर.

नाही, आधी कागद. कालपासून खिशात घडी पडून आहे. वार्षिक तपासणीत गाडी नापास. दिवे ठीक, ब्रेक ठीक, सीटचे पट्टे ठीक, गंज नाही. सगळ्यात खाली एका चौकोनात फुली, आणि पुढे गिचमिड अक्षरात ‘मागचे टायर’ आणि अजून काहीतरी. ते अजून काहीतरी मी वाचलं नाही. मागचे टायर म्हणजे मागचे टायर. बदलायचे. त्यात वाचायचं काय?

आता टायर.

रेविनच्या दुकानात तीन भिंतींना टायर लावलेत, फळ्यांवर, जमिनीपासून छतापर्यंत. सगळे काळे, सगळे गोल. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत तीनदा गेलो. चौथ्यांदा निघालो तेव्हा काउंटरमागून आवाज आला.

“लायल, फरशी झिजेल माझी.”

रेविन साठीच्या पुढची. वेस्टपोर्टमधल्या निम्म्या गाड्यांची चाकं तिच्या हाताखालून गेलीत. ती माझ्या थोरल्या बहिणीबरोबर, कॉलीनबरोबर, नेटबॉल खेळायची, त्यामुळे अठ्ठावन्नाव्या वर्षीही मी तिच्या लेखी कुणाचा तरी धाकटा भाऊ आहे.

“दोनच हवेत,” मी म्हणालो. “मागचे. पुढचे नवे आहेत, मार्चमधले.”

“गाडी वर घेऊ दे, मग किती ते बघू.”

“दोनच.”

“बरं बाबा, दोन. बस जरा. चहा घे. बिस्किटं डब्यात आहेत, पण मोजून ठेवलीत.”

मी बसलो नाही.

*

बसली आहे ती ब्रायर. माझी मुलगी, बावीस वर्षांची. खिडकीजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर फोन पालथा. ती बाहेर बघतेय. बाहेर बघण्यासारखं काही नाही. ओला रस्ता, बँक, ओला कुत्रा.

तिला आज बारापर्यंत एक फोन करायचाय.

रीफ्टनला जनावरांच्या दवाखान्यात सहायक हवी आहे. त्यांनी हिची निवड केली. क्राइस्टचर्चला दोन वर्षं शिकली ती याचसाठी. पण काम फिरतीचं. गाडी काढायची, या शेतावर गाय, त्या शेतावर मेंढ्या, एकटीने. शिवाय इथून रीफ्टन म्हणजे सगळी घळ पार करायची. एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला नदी, एका जागी तर कडाच पोखरून एका गाडीपुरता रस्ता काढलाय. तिथल्या बाईंनी सांगितलंय, गुरुवारी बारापर्यंत हो की नाही ते कळव, दुसरी मुलगी थांबलीय.

आज गुरुवार. आता पावणेदहा.

ब्रायर नाही म्हणणार आहे.

तिने तसं सांगितलेलं नाही. पण जूनपासून चार महिने तिने गाडीला हात लावलेला नाही. सुपरमार्केटात कामाला सायकलवर जाते, पाऊस असला तरी. आणि इथे पाऊस असतोच.

*

जून.

पुलाच्या अलीकडचं वळण. दुपारचे तीन. गाडीत ती एकटी. गाडी गोल फिरली, पूर्ण, एकदा आणि वर थोडी, आणि मागच्या बाजूने गवतात जाऊन बसली. समोरून कुणी येत नव्हतं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

मी गेलो. रस्त्यावरून चालत गेलो, चालत आलो. अडतीस वर्षं गाडी चालवतोय, एक ओरखडा नाही. खुणा बघितल्या आणि निकाल दिला.

“वळणात ब्रेक मारलास.”

“मारला नाही, डॅड.”

“मारला असशील. माणसाला कळत नाही. पाय आपोआप जातो.”

“माझा पाय कुठे होता ते मला माहिती आहे.”

“मग गाडी काय हौस म्हणून फिरली?”

ती गप्प बसली. मी बसलो नाही. घरी सांगितलं. वखारीत सांगितलं, लाकूड चढवता चढवता. शनिवारी पबमध्ये सांगितलं, हातात ग्लास धरून, ग्लासच गाडी करून, टेबलावर गोल फिरवून. सगळे हसले. तेव्हापासून तिला कुणी भेटलं की विचारतं, काय गं, नाच कसा चाललाय?

ती आधी हसायची. मग हसणं बंद झालं, मग पुलाकडे जाणं बंद झालं, मग गाडीच.

*

गाडी तशी गुणी. पांढरी सेदान, जपानहून जुनी म्हणून आलेली, इथल्या निम्म्या गाड्या येतात तशी. किल्ली फिरवली की डॅशबोर्डमधून एक बाई जपानीत काहीतरी अदबीने सांगते. काय सांगते ते तीन वर्षांत कळलेलं नाही. माझी बायको नोलीन तिला रोज “हो गं बाई” म्हणते.

मी ती घेतली टायर बघून. विक्रेत्याकडे अकरा गाड्या उभ्या होत्या. मी प्रत्येकीच्या टायरच्या खाचेत वीस सेंटचं नाणं उभं घातलं. बाकीच्यांच्या खाचेत नाणं डोकं वर काढून उभं. हिच्यात बुडालं. चारही चाकांत. मला वाटलं मी जिंकलो. पुढचं वर्षभर दारात येईल त्याला नाणं घालून दाखवायचो.

गेल्या मार्चात पुढचे दोन गुळगुळीत झाले. मागच्यांत अजून नाणं बुडत होतं. म्हणून पुढचे दोनच बदलले.

*

“लायल! इकडे ये जरा.”

गाडी लिफ्टवर, माझ्या डोक्याच्या उंचीवर. रेविन मागच्या चाकापाशी हातात बॅटरी घेऊन उभी.

“हे कधी नीट बघितलंस?”

“नाणं बुडतंय,” मी म्हणालो.

“नाणं बुडू दे. हे बघ.”

तिने अंगठ्याचं नख रबरात रुतवलं. रबर दबलं. नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर बारीक नागमोडी चिरा होत्या, कंगवा ओढल्यासारख्या. बाजूला, हाताने पुसल्यावर, डोंगराचं चित्र आणि डोंगरात हिमकण.

“बर्फाचा टायर आहे हा,” ती म्हणाली. “जपानात उत्तरेकडे हिवाळ्यात लावतात. मऊ रबर, खोल खाचा. बर्फात मस्त. वेस्टपोर्टात बर्फ बघायचा तर फ्रीज उघडावा लागतो.”

“पण खाचा...”

“खोल आहेत. बर्फ भरायला. ओल्या डांबरावर हा असा करतो.” तिने तळहात पुढे धरला आणि बाजूला सरकवला. काचेवरून साबण जातो तसा. “कागदावर लिहिलंय की. वाचलं नाहीस?”

मी कागद काढला. मागचे टायर बर्फाचे, पुढचे साधे. चारही एका प्रकारचे हवेत.

“आणि पुढे हे चांगले टायर लावायची अक्कल कुणाची?”

“क्राइस्टचर्चला लावले. सेल होता.”

“तिथे कुणी सांगितलं नाही, नवी जोडी मागे लावतात म्हणून?”

“नाही,” मी म्हणालो.

*

सांगितलं होतं.

निळ्या डगल्यातला माणूस, माझ्याच वयाचा. म्हणाला, नवे मागे घालतो, मागचे पुढे आणतो, तसंच करतात. मी म्हणालो, का? पुढची चाकं गाडी ओढतात, पुढची वळतात, ब्रेकचा भार पुढच्यांवर. मागची नुसती मागून येतात. तो म्हणाला, ओल्यात मागचीच आधी सुटतात, साहेब. मी म्हणालो, गाडी माझी आहे.

त्याने खांदे उडवले आणि पुढे घातले.

मागची नुसती मागून येतात. हे वाक्य मी परतीच्या वाटेवर नोलीनलाही ऐकवलं होतं. फार आवडलं होतं मला माझं वाक्य.

*

“पुढची पकड घट्ट, मागची अशी,” रेविन बोलत होती. “ओला रस्ता, वळण. पुढचं तोंड वळतं, मागचं वळत नाही, ते सरळ निघतं. मग ढुंगण पुढे आणि तोंड मागे.”

“ब्रेक न मारता?”

“ब्रेक कशाला हवा? अ‍ॅक्सिलरेटरवरून नुसता पाय उचलला तरी पुरे. ते तर सगळेच उचलतात, वळण आलं की.”

मी गाडीखालून बाहेर आलो. परत आत गेलो. परत बाहेर. गाडीखाली मावत नव्हतो आणि बाहेरही मावत नव्हतो.

रेविनने बॅटरी बंद केली. खिडकीकडे बघितलं. काचेपलीकडे ब्रायरचं डोकं, केसांचा अंबाडा, कानात काही नाही, फोन अजून पालथा.

“ती फिरली ती यावरच ना?” रेविनने आवाज खाली आणला. “जूनमध्ये?”

मी कागदाची घडी घातली.

“पबमध्ये मी होते त्या दिवशी. तू ग्लास फिरवलास. हसले मी पण.” तिने हात पुसले. “मी तिला काही सांगणार नाही, लायल. ते माझं काम नाही. माझं काम टायर. दोन ना?”

“चार,” मी म्हणालो.

“मघाशी दोन म्हणालास.”

“चारही बदल. तुझ्याकडचे सगळ्यात चांगले.”

“पुढचे सात महिन्यांचे आहेत. त्यांनी काय घोडं मारलंय तुझं?”

“चार.”

*

विचारलं: हे किती वर्षं जातात?
विचारलं नाही: चार महिने म्हणजे किती सायकलफेऱ्या?

विचारलं: आवाज करतात का?
विचारलं नाही: ती घरात हल्ली इतकी कमी का बोलते, हे मी कधी विचारलं होतं का?

विचारलं: हे आणि ते, फरक काय?
रेविन म्हणाली, हा कोरियाचा, तो जपानचा, तो पलीकडचा युरोपातला, त्याची किंमत ऐकायच्या आधी बस. मी म्हणालो, तो दे. ती म्हणाली, ती गाडी विकून येतील तेवढे पैसे टायरला घालणार? मी म्हणालो, ओल्यात तो चांगला ना? ती म्हणाली, तिन्ही चांगले, ओल्यात काय वाईट ते अजून लिफ्टवर लटकलंय.

विचारलं: तरी सगळ्यात चांगला कुठला?
विचारलं नाही.

विचारलं नाही.

*

फोन वाजला. माझा. नोलीन, शाळेच्या ऑफिसमधून, दबक्या आवाजात.

“केला का तिने फोन?”

“नाही अजून.”

“किती वाजले?”

“दहा दहा.”

“हे बघ, तू तिला काही बोलू नकोस. समजावू नकोस, हिंमत देऊ नकोस, काही नको. तुझं बोलून झालंय जूनमध्ये. ऐकतोयस ना?”

“ऐकतोय.”

“टायर घे आणि गप्प राहा. जमेल?”

“नोल, ते टायर...”

“काय?”

“काही नाही.”

तिने ठेवला. मला काय हलकं वाटलं. बायकोची परवानगी मिळाली गप्प राहायची. टायर घ्यायचे, महागातले, चार, तिला म्हणायचं, घे, आता बघ कशी चिकटून चालते. ती चालवेल, नाही चालवणार. पण कुणाला काही कळणार नाही. रेविन बोलणार नाही. निळ्या डगल्यातला माणूस तीनशे किलोमीटरवर.

मी काउंटरपर्यंत गेलो. कार्ड काढलं.

कार्ड परत ठेवलं.

*

वाक्यं जुळवली. टायरांच्या भिंतीकडे तोंड करून, कुणाला वाटावं निवडतोय.

ब्रायर, टायरमध्ये थोडा दोष होता.

थोडा नाही. आणि दोष टायरमध्ये नव्हता. तो त्याच्या गावात बरोबर होता.

ब्रायर, तुला आठवतंय तू म्हणाली होतीस की ब्रेक...

हे तिलाच बोलायला लावणं झालं.

ब्रायर, आत्ताच रेविनकडून कळलं की...

आत्ताच नाही. मार्चात कळलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

ब्रायर

*

“डॅड, तू टायरशी बोलतोयस.”

ती मागे उभी होती. हातात चहाचे दोन कागदी कप. एक तिने मला दिला.

“निवडतोय,” मी म्हणालो.

“पाऊण तास?”

“तू ब्रेक मारला नव्हतास.”

आलंच तोंडातून, मागचंपुढचं काही न जुळवता. तिने कप तोंडाशी नेला होता, तो तसाच राहिला.

“जूनमध्ये,” मी म्हणालो. “तू मारला नव्हतास. मागचे टायर बर्फाचे होते, जपानी. आणि पुढे मी नवे लावले. नवे मागे लावतात. मी पुढे लावले. त्यामुळे मागचा भाग सुटला. कुणीही असतं तरी सुटला असता. मी असतो तरी.”

तिने कप खाली ठेवला, टायरांच्या चळतीवर.

“मी सांगितलं होतं तुला.”

“हो.”

“पाच वेळा सांगितलं.”

“हो.”

“तुला कधी कळलं?”

“वीस मिनिटं झाली.”

“आणि वीस मिनिटं काय करत होतास?”

“टायर निवडत होतो.”

ती हसली नाही. मला वाटलं होतं तिचं तोंड उजळेल. मनात मी तेही बघून घेतलं होतं. मुलगी उजळते, बापाला बिलगते. तिचा चेहरा पांढरा पडला आणि मग कानांपर्यंत लाल झाला.

“चार महिने, डॅड. मला वाटत होतं मला गाडीच येत नाही. मला वाटत होतं माझा पाय माझ्या नकळत काहीतरी करतो. रात्री पलंगावर झोपून मी पाय बघायचे. पाय! सुपरमार्केटात माणसं मला विचारतात, आज कुठलं गाणं? त्यांना मी वजन करून बटाटे देते.”

“मला माहीत नव्हतं.”

“कुणी सांगितलं नव्हतं?”

इथे मी दुसऱ्यांदा नाही म्हणू शकलो असतो.

“सांगितलं होतं,” मी म्हणालो. “मार्चात. टायर बसवणाऱ्याने. म्हणाला, नवे मागे. मी म्हणालो, मागची नुसती मागून येतात.”

रेविन काउंटरमागे होती. तिने खाली बघून पावती-पुस्तकाचं पान उलटलं, मग तेच पान परत उलटलं.

“रेविन,” ब्रायर वळली. “हा म्हणतोय ते खरंय?”

“कुठलं?”

“ब्रेक न मारता फिरते?”

“त्या टायरवर? अगं, शिंकलीस तरी फिरेल.”

ब्रायर लिफ्टपाशी गेली. मागच्या चाकाखाली उभी राहिली. हात वर करून बोटांनी त्या बारीक चिरा चाचपल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, गायीचं अंग तपासताना चाचपते तशा. बराच वेळ. मी जायला लागलो तर रेविनने मान हलवली. नको.

*

परत आली तेव्हा आवाज वेगळा होता.

“पबमध्ये कोण कोण होतं?”

“आठ-दहा जण.”

“त्यांना सांगशील.”

“सांगेन ना. सांगेनच.”

“सांगशील का ते विचारलं नाही. कधी ते विचारते.”

“शनिवारी.”

“ग्लास घेऊन.”

“ग्लास घेऊन,” मी म्हणालो.

“उलटा फिरव या वेळी,” रेविन म्हणाली.

“रेविन, तू पण हसली होतीस, मला माहितीय,” ब्रायर म्हणाली. “आंटी कॉलीनने सांगितलं.”

रेविनचा हात बिस्किटांच्या डब्यावर होता. तिने डबा उघडून ब्रायरपुढे सरकवला. ब्रायरने दोन घेतली. मला कुणी दिली नाहीत.

“तर टायर,” रेविन म्हणाली. “तुझ्या वडिलांना चार हवेत. सोन्याचे.”

“चार कशाला?”

“मला काय विचारतेस? मला टायर खपलेले आवडतात.”

“पुढचे कसे आहेत?”

“उत्तम आहेत. चार-पाच वर्षं सहज.”

“मग तसेच मागे दोन. अगदी तसेच. कंपनी तीच, नक्षी तीच. आहेत?”

“एक जोडी आहे. वरच्या फळीवर.”

“ब्रायर, ते सेलमधले होते,” मी म्हणालो. “तो युरोपातला ओल्यात...”

“डॅड.”

मी थांबलो.

“महागातले घेऊन काय करणार आहेस? मला चारही चाकं सारखी वागायला हवीत, बस. एक चाक एक बोलतंय, दुसरं दुसरं, असं नको.” तिने रेविनकडे बघितलं. “किती वेळ लागेल?”

“अर्धा तास. बॅलन्सिंग धरून चाळीस मिनिटं. मग परत तपासणीला न्या, ते लोक बारानंतर जेवायला उठतात.”

तपासणीचं गॅरेज पुलापलीकडे आहे.

म्हणजे ते वळण.

मला कळलं, तिलाही कळलं. तिने घड्याळ बघितलं. दहा चाळीस.

*

चाळीस मिनिटं. मी दुकानासमोर फेऱ्या घातल्या. बँकेपर्यंत, परत. बेकरीपर्यंत, परत. बेकरीत मटणाचे दोन पॅटिस घेतले, एक तिला दिला, तिने खाल्ला नाही, मग माझा पण मी खाल्ला नाही. आत यंत्र चाक गरागरा फिरवत होतं. रेविन रिमच्या कडेला शिशाचे छोटे तुकडे ठोकत होती.

एकदा ब्रायर फोन सरळ करून बघताना दिसली. मग परत पालथा. मी विचारणार होतो. विचारलं नाही. हे एक आजचं जमलेलं.

रेविनने गाडी खाली घेतली तेव्हा अकरा पंचवीस झाले होते. तिने किल्ली माझ्यापुढे धरली. ब्रायरने ती मधूनच घेतली.

रेविनने तिच्याकडे बघितलं. “नव्या रबरावर सुरुवातीला गुळगुळीत थर असतो. पहिले शंभरेक किलोमीटर सांभाळून. उगाच हिरोगिरी नको.”

“हिरोगिरी,” ब्रायर म्हणाली. “मला पहिला गिअर आठवला तरी पुष्कळ.”

“ऑटोमॅटिक आहे ती.”

“तेच.”

मी पुढचं दार उघडलं, शेजारच्या सीटचं.

“तू मागे बस,” ब्रायर म्हणाली.

“मागे का?”

“पुढे बसलास की तुझा पाय ब्रेक दाबतो. तिथे ब्रेक नसतो, तरी दाबतो. मला दिसतो.”

*

मागच्या सीटवर मी या गाडीत कधी बसलो नव्हतो. गुडघे पुढच्या सीटला टेकतात. समोर दिसतं ते तिचं डोकं आणि आरशात तिचे डोळे, डोळ्यांची एक पट्टी.

ती गाडी सुरू करून तशीच बसली. वायपर चालू. दोन्ही हात चाकावर. मागून एकाने हॉर्न दिला, तर रेविन पावसात बाहेर येऊन त्याला काहीतरी बोलली. त्याने परत दिला नाही.

मग आम्ही निघालो.

मुख्य रस्ता, तीस. शाळा, तीस. मग घरं संपली, पन्नास. पंचावन्न. परत पन्नास. तिचे खांदे कानांना लागले होते. मी दोन्ही पाय सीटखाली घातले, घट्ट, एकमेकांत अडकवून.

मागची चाकं माझ्या अगदी खाली होती. पाणी चिरल्याचा आवाज येत होता, सलग, एकसारखा. जूनमध्ये हा आवाज तिला कसा आला असेल? आधी येतो का काही? की नुसतं जग बाजूला सरकतं?

वळण.

तिने आधीच वेग उतरवला, चाळीसवर, वळणाच्या खूप अलीकडे. आणि ऐन वळणात तिचा पाय उचलला गेला. मला ते अंगाने कळलं, गाडी थोडी पुढे झुकली. सगळेच उचलतात. माझ्या हातांनी सीटची कड धरली.

मागचा भाग मागेच राहिला.

गाडी वळली. पूल आला.

ती थांबली नाही. पूल ओलांडून तपासणीच्या गॅरेजपुढून सरळ गेली.

“ब्रायर, ते मागे गेलं...”

“माहितीय.”

पुढे एका शेताच्या फाटकाशी तिने गाडी वळवली आणि परत फिरली. पूल. वळण, आता उलट्या बाजूने. चाळीस. मग गावाच्या तोंडाशी वळून परत. या वेळी पंचेचाळीस. पाय उचलला नाही. मग परत पूल, परत फाटक.

फाटकाशी एक माणूस कुंपणाची तार ताणत होता, चिंब भिजलेला. दुसऱ्यांदा आम्हाला बघून त्याने हात वर केला. ब्रायरने पण केला.

चौथ्यांदा वळण पार केल्यावर तिने रुंद जागा बघून गाडी बाजूला घेतली, दिवे लावले, इंजिन बंद केलं.  तिने हात मांडीखाली दाबले, थोडा वेळ तसेच ठेवले, मग काढून बघितले.  मग तिने फोन घेतला.

अकरा त्रेपन्न.

“मी उतरू का?” मी विचारलं.

“पाऊस आहे. बस. पण बोलू नकोस.”

फोन वाजत राहिला. मी मोजत होतो. पाच, सहा. पलीकडे कुणीतरी उचलला, मागे कुत्री भुंकताना मलाही ऐकू आली.

“ब्रायर बोलतेय, वेस्टपोर्टहून... हो, हो, बाराच्या आत.” तिने एक श्वास घेतला. “त्याआधी एक सांगायचंय. जूनपासून मी गाडी चालवलेली नाही. म्हणजे आज चालवली. पण जूनपासून नाही. ओल्या रस्त्यावर फिरली होती माझी... नाही, लागलं नाही कुणाला.”

पलीकडून काहीतरी.

“नाही. ब्रेक मारला नव्हता.” आरशातली पट्टी माझ्याकडे वळली. “टायर चुकीचे लावले होते. बसवून घेणाऱ्याची चूक... हो, ओळखीतलाच आहे.”

पलीकडची बाई मोठ्याने हसली. ब्रायर हसली नाही, पण खांदे खाली आले.

“घळीतून? ... अजून गेले नाही. उद्या जाऊन येईन एकदा, उजेडात. परवा पण.” मग बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली. कुंपणावरून एक मेंढी आमच्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघत राहिलो, कारण आरशात बघायची हिंमत नव्हती.

“सोमवार? किती वाजता?”

ऐकलं.

“साडेसात. म्हणजे इथून सहाला निघावं लागेल.”

सहाला. सहाला घळीत अजून नीट उजाडलेलं नसतं, कड्यावरचं पाणी रस्त्यावर उतरतं, आणि त्या पोखरलेल्या जागी समोरून लाकडाचे ट्रक येतात, मी वखारीत आहे, मला माहीत आहे ते किती वाजता सुटतात. मी तोंड उघडलं.

तिने आरशात बघितलं.

मी मिटलं.